देवकामावशीची पिशवी

प्रिय ईशान आणि तन्वी,

परवा फोनवर ईशान सांगत होता की त्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं यकृत बदलायचं आहे आणि त्यासाठी सगळे मिळून इंटरनेटवर पैसे जमवत आहेत. कोणी किती दिले ते नावासकट तिथं दिसतं. "आजी, मी दहाच डॉलर दिले. माझं नाव सगळ्यांत खाली आलं. मला लाजच वाटली." मी तेव्हा "दिलेस ना, झालं तर मग" एवढंच म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मला देवकामावशी आठवली. तिच्या मूठपिशवीला ही लाज ठाऊक नव्हती. ती लाज त्या पिशवीत मी आणली. ते कसं झालं, हे तुम्हाला कधीतरी सांगायचंच होतं. मराठीत लिहिते आहे. अडेल तिथं बाबांना विचारा.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत बहुतेक घरं गिरणी कामगारांची होती. माझे वडील रेल्वेत खलाशी. आमच्यापासून चौथं घर देवकामावशीचं. नात्यानं ती माझी कोणी नव्हती, पण वस्तीतल्या सगळ्या मुलांची ती मावशी होती. बुटकी, रुंद मनगटांची, सदा अंगाला तंबाखूचा वास घेऊन वावरणारी. ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा मारायचा आणि अंगठ्याच्या नखानं तोंड दुमडायचं. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलेलं असे. ते हळदीसारखं पिवळं पडलं होतं. बोलताना, भांडताना, रडणाऱ्या पोराला दटावतानासुद्धा तिचे हात थांबत नसत. भेटलेल्या माणसाला ती "कशी आहेस" असं कधी विचारायची नाही. "जेवली काय वं?" हा तिचा एकच प्रश्न. आणि तो प्रश्न वाटायचा नाही, आरोप वाटायचा.

तिचा नवरा गिरणीत कापडखात्यात होता. तो लवकर गेला. त्यानं आणलेल्या मांजरपाटाच्या तुकड्याची तिनं एक पिशवी शिवली होती. पिशवी साधी नव्हती. तिच्या तोंडाला कोपरापर्यंत हात जाईल अशी लांब बाही होती. दीक्षा घेतल्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या वस्तीनं पुष्कळ जुन्या गोष्टी सोडल्या आणि काही नव्या धरल्या. मूठ ही त्यांतली एक. वस्तीत कोणाच्या घरी मोठी अडचण आली, की रविवारी विहारातली वंदना झाल्यावर देवकामावशी ती पिशवी घेऊन दारोदार जायची. प्रत्येकानं एक मूठ द्यायची. तांदूळ, ज्वारी, डाळ, जे असेल ते. पण द्यायची रीत ठरलेली होती. घरातूनच मूठ बंद करून यायचं, बंद मूठ बाहीतून आत घालायची, आत उघडायची आणि पुन्हा बंद करूनच बाहेर काढायची. तेवढा वेळ मावशी वस्तीच्या मधोमध असलेल्या उंच निंबाकडे बघत राहायची. हात बाहेर आला की म्हणायची, "भरली." प्रत्येकाला हाच शब्द. दाराशी कोणीही असो, मूठ मोठी असो की लहान.

एकदा शेजारच्या एका म्हाताऱ्यानं गमतीनं विचारलं, "देवका, झोळी घेऊन कोणीकडे चालली वं?"

"झोळी सोडून आलो आपण, मामा," मावशी म्हणाली. "हे पिशवी हाय. झोळीत वरून टाकतेत, अन् टाकणारा दिसते. हिच्यात कोणी दिसत नाही."

माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी या पिशवीतून आली. मावशीनं सगळं धान्य घरी निवडलं, वेगळं केलं, विकलं आणि पैसे माझ्या आईच्या पदरात टाकले. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट मला जास्त आठवते. वडिलांना कामावरून बसवलं होतं तो महिना. घरात आदल्या दिवशीपासून काही नव्हतं, आणि मूठ होती. आईनं मला दारात पाठवलं. मी रिकामी मूठ आवळून बाहीत घातली. आत बोटं उघडली, धान्यात फिरवली आणि पुन्हा आवळून बाहेर काढली. मावशी निंबाकडे बघत होती. "भरली," ती म्हणाली आणि पुढच्या दाराला गेली. त्या दिवशी मी ताठ मानेनं घरात आले. त्याचं मोल कळायला मला पुढं फार वर्षं लागली.

ती गरीब गाय नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. बिड्यांचा ठेकेदार दर हजारामागे पन्नास-साठ बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. छाट म्हणजे वळणीत खोट, तिचे पैसे मिळायचे नाहीत. पण त्या बिड्या तो फेकायचा नाही, गुपचूप विकायचा. सगळ्या बायांना हे ठाऊक होतं आणि सगळ्या गप्प होत्या. एके दिवशी मावशीनं त्याच्या समोरची छाट उचलली आणि दोन्ही तळव्यांत चोळून तिचा भुगा केला.

"अवं, हे काय करून राहिली?" तो ओरडला.

"छाट हाय ना? खराब हाय ना? मंग तुह्या काय कामाची?"

भुगा त्याच्या वहीवर झाडून ती उठली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांनी तेच केलं. त्या आठवड्यापासून छाट हजारामागे दहावर आली. ठेकेदार नंतर तिला "देवकाबाई" म्हणायला लागला. त्याआधी तो तिला नुसतं "ए" म्हणायचा.

मावशीची दोन मुलं लहानपणीच गेली होती. तिसरी उतारवयात झाली, सुजाता. ती शाळेत येईपर्यंत मी बी.ए., बी.टी. होऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि लग्नानंतरही वस्तीतच राहत होते. सुजाता माझ्याच वर्गात होती. बिड्या वळता वळता ती धडे पाठ करायची, त्यामुळे तिच्या इंग्रजीच्या वहीला तंबाखूचा वास यायचा आणि ती तपासताना मला शिंका यायच्या. "मॅडम, तुमच्या नाकालाच माझं इंग्रजी झोंबतं," ती म्हणायची. वर्गात हसणं दाबता न येणाऱ्या मुलींपैकी ती एक होती.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. सुजाता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे पाय सुजायला लागले. मग चेहरा. सकाळी उठली की डोळे उघडत नसत. मावशीनं आधी मीठ बंद केलं, मग काढे दिले. शेवटी मी दोघींना धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. भला माणूस, फी घेतली नाही. तपासण्या झाल्यावर त्यांनी सुजाताला बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं की तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत.

"आई, किडनी कळते ना?"

"गुर्दा," मावशी म्हणाली. "बकऱ्याचा असते तसा."

"हो. दुसऱ्या माणसाची घालावी लागेल. नागपुरात होत नाही."

"माह्या अंगात किती हाय?"

"दोन."

"मंग एक काढा. आजच काढा. मी उपाशीच आली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी कागदावर लिहून समजावलं. दक्षिणेतल्या एका इस्पितळात जावं लागेल. आईचं रक्त त्यांनी आधीच तपासून घेतलं होतं; ते जुळत होतं, ही देवाची कृपा, असं ते म्हणाले. पण ऑपरेशन, तिथलं राहणं आणि पुढची औषधं मिळून तीस हजार तरी हातात पाहिजेत. आणि दिवाळीच्या आत जायला हवं. तोवर इथल्या सरकारी दवाखान्यात पोटात नळी घालून, बाटल्यांनी पाणी आत सोडून आणि बाहेर काढून रक्त साफ करता येईल. ते फार दिवस चालणार नाही. तेव्हा श्रावण लागला होता.

बाहेर आल्यावर मावशीनं मला विचारलं, "तीस हजार म्हणजे बिड्या किती होतीन वं?"

मी मनातल्या मनात हिशोब केला, पण तिला सांगितला नाही.

तिनं राहती खोली विकली आणि त्याच घरात भाड्यानं राहिली. कानातलं गेलं. गिरणीतल्या लोकांनी त्यांच्या पतपेढीतून काही कर्जाऊ दिलं. मी आणि तुमच्या आजोबांनी आमच्या परीनं दिलं. तरी निम्मं बाकी होतं. आणि पिशवी खुंटीला लटकत होती.

"मावशी, मूठ काढायची ना?" मी विचारलं.

"ज्याच्या घरी अडचण, त्यानं पिशवी धरायची नाही."

"अवं, पण तुझ्याशिवाय कोणी कधी धरलीच नाही."

"म्हणून का म्या धरू?" ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान वाटला. "म्या दारात उभी राहिली, तं लोक माह्या तोंडाकडे पाहून देतीन. तोंडाकडे पाहून देल्लं, ते मूठ नाही."

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी मी पिशवी खुंटीवरून काढली. मावशी तेव्हा दवाखान्यात सुजाताच्या खाटेशी होती. एकेका खेपेला सलग अठ्ठेचाळीस तास बाटल्या बदलाव्या लागत.

आता माझ्या चुकीकडे येते.

मी शिस्तीची बाई आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या वस्तीच्या बळावर भागणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी आजूबाजूच्या चार वस्त्यांत गेले. माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया तिथं होत्या. त्या सोबत आल्या. दोन रविवारांत दोन गोण्या भरल्या. मला फार आनंद झाला. रिक्षात घालून त्या मी इतवारीत धान्याच्या एका आडत्याकडे नेल्या. शेटजींनी गोणीत हात घातला, धान्य तळव्यावर पसरलं आणि हसू लागले.

"बाईजी, ये क्या लाए आप? चावल में ज्वार, ज्वार में तुवर, तुवर में गेहूँ! ये तो कबूतर का दाना है."

"म्हणजे घेणार नाही?"

"लूँगा ना. कबूतर के भाव से लूँगा." मग माझं तोंड बघून ते जरा नरमले. "अलग-अलग करके लाओ, पूरा भाव दूँगा."

पूर्वी मावशी एकटी संध्याकाळभर बसून निवडायची. पण तेव्हा पायलीभर धान्य असे. या गोण्या निवडायला आठवडा लागला असता आणि मला दिवस मोजून काम करायचं होतं. मी त्या दोन्ही गोण्या तशाच, कबुतरांच्या भावानं देऊन टाकल्या. आणि घरी येऊन उपाय काढला. तेलाचे तीन रिकामे डबे घासूनपुसून घेतले, त्यांवर कागद चिकटवले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: तांदूळ. ज्वारी. डाळ. ज्यानं जे आणलं ते त्या डब्यात टाकायचं. निवडायला नको, वेळ जायला नको. पिशवी मी धुऊन, घडी करून ठेवून दिली.

पहिल्या रविवारी डबे निम्मे भरले. दुसऱ्या रविवारी त्याहून कमी. बायका दारात यायच्या, डब्यांकडे बघायच्या, "थांबा हं मॅडम" म्हणून आत जायच्या आणि बाहेर यायच्याच नाहीत. तिसऱ्या रविवारी तर एका घरातून आवाज आला, "घरी कोणी नाही!" बोलणारी त्या घरची बाईच होती. मला राग आला. लोक थकले, चार दिवसांची माया असते, असं मी तुमच्या आजोबांना म्हटलं. शाळेत मुलींवर उगाच ओरडले. डब्यांच्या तळाला जेमतेम धान्य होतं आणि दवाखान्यात सुजाताच्या हातांच्या काड्या झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी मावशी कपडे न्यायला घरी आली. माझ्या ओट्यावर तीन डबे ओळीनं ठेवलेले होते. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण डबे उघडे होते. तिनं एकेकात वाकून पाहिलं.

"हे काय होय?"

मी समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कुमुद, ज्याच्या घरी चिमटीभर कणीच हाय, त्यानं ते तांदळाच्या डब्यात टाकावं, सगळ्याईच्या समोर?"

मी डब्यांवरच्या माझ्या सुवाच्य अक्षरांकडे बघत राहिले.

"अन् ज्याच्या घरी काहीच नाही, त्यानं कोणत्या डब्यात हात घालावं?"

जिची मॅट्रिकची फी याच पिशवीतून भरली, ती मुलगी मी. रिकाम्या मुठीनं ताठ मानेनं घरात आलेली. आणि मला हे सुचलं नव्हतं. 

तिनं तिन्ही डबे ओट्यावर उपडे केले. ज्वारी, तांदूळ, डाळ दोन्ही हातांनी एकत्र कालवलं. "वेळ जाईल मावशी," मी म्हटलं. "जाऊ दे," ती म्हणाली. मग एकदम तिचे हात थांबले. तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पयल्या गोण्या कुठं हाय? निवडल्या होत्या ना तू?"

"नाही. तशाच विकल्या. इतवारीत."

ती ओट्यावर बसली. "पोरी," ती म्हणाली, "लोक काय नुसते दाणे टाकतेत काय वं?"

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती एकटीच धान्य का निवडत बसायची. मुठीत नुसतं धान्य नसे. धान्यात गुंडाळलेली नोट असे, चवली-पावली असे. नवऱ्याला न सांगता दिलेली जोडवी असत. सासूला न कळता दिलेला मणी असे. धान्य वरचं, खरं देणं त्याच्या आत लपवलेलं. तुझ्या फीमध्ये एक चांदीचा करदोडा होता, ती म्हणाली. कोणाचा, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आम्ही तशाच इतवारीला गेलो. शेटजी दुकान आवरत होते. मी अडखळत अडखळत हिंदीत सांगितलं. त्यांचं हसू गेलं. एक गोणी संपली होती. दुकानामागच्या चौकात रोज सकाळी ते कबुतरांना दाणे टाकत, तिथंच ती गेली. दुसरी न उघडलेली होती. त्यांनी ती स्वतः ओढत बाहेर आणली. आम्ही तिघं जमिनीवर बसलो. आणि धान्यातून निघत गेलं: पाच-पाचच्या, दहाच्या नोटा, बारीक घडी केलेल्या. चार जोडवी. एक नथ. सोन्याचे तीन मणी, दोऱ्यासकट. एक पुरुषी घड्याळ, चालू. शेटजी ते घड्याळ कानाला लावून म्हणाले, "चल रहा है," आणि मान खाली घालून पुन्हा निवडायला लागले.

संपलेल्या गोणीत काय होतं, ते कबुतरांना ठाऊक. मावशी मागच्या चौकात गेली. फरशी झाडलेली होती. तिनं फरशीच्या फटीतून अंगठ्याचं ते लांब नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कबुतरं बाजूला सरकत होती. मी "मावशी, चल," म्हटलं. तिला एक मणी सापडला. तो पदराला बांधून ती उठली. शेटजींनी गोणीचे पैसे परत घेतले नाहीत, आणि वर काही आमच्या हातात ठेवलं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या रविवारी पिशवी घेऊन मी पुन्हा निघाले. ज्या घरातून "कोणी नाही" असा आवाज आला होता, त्या घरची बाई दारातच उभी होती. तिनं बाहीत हात घातला. मी निंबाकडे बघत राहिले. "भरली," मी म्हटलं. त्यानंतर महिनाभर विहाराच्या चौथऱ्यावर वस्तीतल्या बाया आळीपाळीनं धान्य निवडत बसत. रक्कम पुरी झाली. पण माझ्या त्या तीन डब्यांनी तीन आठवडे खाल्ले होते. दिवाळी होऊन गेली होती.

सुजाताला खुर्चीत बसवून स्टेशनवर नेलं. ती पंचवीस-तीस किलोची राहिली असेल. मला म्हणाली, "मॅडम, आईचा गुर्दा घातल्यावर मीही सगळ्यांना 'जेवली काय वं' विचारीन का हो?" मावशीनं तिच्या डोक्यावर टपली मारली, हलकीच. गाडी सुटली.

तिथं तपासण्यांत दोन आठवडे गेले. मग सुजाताला ताप आला. ऑपरेशनचा दिवस ठरला होता, त्याच्या चार दिवस आधी ती गेली. मला तार आली ती शाळेत, सातवीच्या वर्गात.

मावशी एकटी परत आली. दोन्ही गुर्दे अंगात घेऊन, आणि बरेचसे पैसे घेऊन. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती सूप मांडीवर घेऊन बसली होती आणि बिड्या वळत नव्हती.

"तीन आठवडे माझ्यामुळे गेले, मावशी," मी म्हटलं. हे मला म्हणायचंच होतं.

तिनं "नाही" म्हटलं नाही. "हो" पण म्हटलं नाही. "जेवली काय वं?" तिनं विचारलं.

पैशांचं काय करायचं, हा प्रश्न होता. लोकांनी सांगितलं, तू ठेव, म्हातारपण आहे, खोली परत घे. मी म्हटलं, विहाराला दे. ती म्हणाली, "विहारासाठी मागितले नाही. सुजातासाठी मागितले. ते झालं नाही. आता ज्याचे त्याले." पण ज्याचे त्याले कसे देणार? कोणाची मूठ केवढी होती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तीच तर रीत होती.

पतपेढीचं कर्ज तिनं चुकतं केलं. उरलेल्यातल्या थोड्या पैशांचं तिनं इतवारीतून धान्य आणलं. तांदूळ, ज्वारी, डाळ. घरी आणून सगळं एकत्र कालवलं. बाकीच्या नोटा बारीक घडी करून आत मिसळल्या. आणि रविवारी ते पिशवीत घालून ती स्वतः निघाली. तिच्या घरची अडचण आता संपली होती. पिशवी धरायला ती मोकळी होती.

प्रत्येक दारात ती उभी राहायची. पिशवीची बाही पुढं करायची. "जशी आली तशी जाईल. एक मूठ काढा," एवढंच म्हणायची आणि निंबाकडे बघायची. हात आत जायचा. हात बंद बाहेर यायचा. "भरली" ती म्हणत नव्हती. घेणाऱ्याला काय म्हणायचं, त्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. मी माझ्या ओट्यावरून सगळी ओळ बघत होते. एकेक दार करत ती वर जात होती, पलीकडच्या बाजूनं खाली येत होती. माझं घर शेवटचं होतं.

तिनं बाही माझ्यापुढं केली. मी हात घातला. मी आत काय केलं, ते तुम्हाला सांगत नाही. मुठीला तोंड नसतं. मी मूठ आवळून बाहेर काढली. ती निंबाकडे बघत होती.

मग तिनं पिशवी उचलायला हात घातला आणि तिला ती उचलेना. साठ घरं फिरून आली होती. दुपारी ती एका खांद्यावर घेऊन निघाली होती. आता तिला दोन्ही हात लागले, आणि तरी ती ओट्याच्या कडेवर टेकवावी लागली. तिनं पिशवीकडे पाहिलं. बाहेरून, मांजरपाटावरून, हात फिरवला.

"भरली," ती म्हणाली.

नंतर थोड्याच महिन्यांत तुमच्या आजोबांची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडलं. तिच्या जाण्याची बातमी मला पत्रानं कळली. त्यामुळे माझ्यापाशी तिचं शेवटचं दर्शन तेच आहे: ती पिशवी डोक्यावर घेण्यासाठी मान वाकवून उभी आहे, मी एका बाजूनं उचलून देते आहे, आणि ती तोल सावरत पुढच्या वस्तीच्या वाटेला लागते आहे. ते सगळं कोणाला तरी द्यायचंच होतं तिला.

तुमची,
आजी